३६ टक्क्यांची मलेरियाची लस मुलीला टोचून घ्यावी का?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घाईचा आहे, म्हणून पाल्हाळ न लावता लिहिते.

आम्ही पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी राहतो. नवरा इथल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. मुलगी गेल्या आठवड्यात सहा महिन्यांची झाली. जन्मापासूनच्या सगळ्या लसी इथल्या सरकारी क्लिनिकमध्येच घेतल्या. परवा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यायला नेलं, तर नर्स सहज म्हणाली, "मलेरियाची पहिली पण आजच देऊन टाकू ना?" मलेरियाची लस असते हेच मला माहीत नव्हतं. "नवऱ्याला विचारून सांगते" म्हणून मी तिथून सटकले. नर्सने ज्या नजरेने बघितलं ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी येऊन वाचलं. लसीचं नाव आरटीएस,एस, बाजारातलं नाव मॉस्क्विरिक्स. डोस चार. आणि चारही घेतल्यावर परिणामकारकता किती, तर ३६ टक्के! गोवराच्या दोन डोसांनी ९७ टक्के संरक्षण मिळतं असं त्याच पानावर खाली लिहिलं होतं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "पस्तीसला पास, म्हणजे ही काठावर सुटलेली. असली लस आपल्याच पोरीला कशाला?" हसू आलं, पण त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

दुसरं म्हणजे नैरोबीतल्या मैत्रिणीचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, त्याला ही लस कुणी विचारलीसुद्धा नाही. मग सरोवराकाठच्या मुलांवरच प्रयोग चाललाय का? आम्ही मच्छरदाणी लावतो, खिडक्यांना जाळ्या आहेत, संध्याकाळी पोरीला बाहेर काढत नाही. तेवढं पुरणार नाही का?

कुणी प्रत्यक्ष बघितलेलं असेल तर सांगा. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहिणार असाल तर तेही करणार आहेच.

---

नैरोबीकर

तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे. इथल्या गारव्यात डासाच्या पोटातली मलेरियाची वाढ इतकी रेंगाळते की बहुतेक वेळा ती पूर्ण व्हायच्या आतच डास मरतो. त्यामुळे इथे राहून मलेरिया होणं विरळाच. सरोवराकाठी उलट परिस्थिती, देशातला सगळ्यात जास्त मलेरिया तुमच्याच पट्ट्यात. म्हणून लसही तुमच्याच पट्ट्यात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सरोवराकाठच्या होमा बे इथे सुरू झाली तेव्हा इथल्या पेपरात पहिल्या पानावर होती.

आम्ही किसुमूला लग्नाला गेलो होतो, दोन रात्री. तिसऱ्या आठवड्यात मी आडवा. तेव्हा तळ्याकाठी राहताय तर हलक्यात घेऊ नका, एवढंच.

---

काचपट्टी

ताई, टोचून घ्या. आता कारण सांगतो, लांबण लागेल.

मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. शेवटची सहा वर्षं मलावीत, लिलोंग्वेपासून दोन तासांवरच्या एका रुग्णालयात काढली. काम एकच: रक्ताच्या काचा रंगवायच्या आणि मलेरिया मोजायचा. पावसाळ्यात, म्हणजे तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल, दिवसाला शंभराच्या वर काचा यायच्या. मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन पोरं आणि खाली दोन आया.

३६ टक्के हा आकडा पहिल्यांदा मी वाचला २०१५ मध्ये. आणि तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या तेच मी म्हणालो होतो. "एवढी वर्षं घालवून ३६?" असं मोठ्याने म्हणालो, तेही जेवणाच्या सुट्टीत चार जणांसमोर. तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने मला जे ऐकवलं ते आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

ती म्हणाली, तू हे मार्क समजतोयस. शंभरातली ३६ मुलं वाचली आणि ६४ मुलांना लस लागूच पडली नाही, असा याचा अर्थ नाही. इथे मोजलेत ते मलेरियाचे हल्ले. मूल एकच असतं, पण ते वर्षातून तीनदा आजारी पडतं.

हे मला खरं तर तिच्या आधी कळायला हवं होतं. मलावीत प्रत्येक मुलाची एक वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. मूल आलं की वही येते, निकाल त्यातच लिहायचा. एका मुलाच्या वहीत चौदा महिन्यांत सहा वेळा 'मलेरिया परजीवी दिसले' हा शेरा होता, आणि सहाही वेळा अक्षर माझं. मी दर वेळी नवीन पेशंट म्हणून लिहीत होतो. मागचं पान उलटून कधी बघितलंच नव्हतं.

आता चाचणीचा हिशेब बघा. २००९ ते २०१४, आफ्रिकेतले ७ देश, ११ ठिकाणं, एकूण १५,४५९ बाळं. त्यातल्या ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना चार डोस दिले आणि साधारण चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मलेरियाचे हल्ले ३६ टक्क्यांनी कमी झाले. हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर दर हजार मुलांमागे १,७७४ आजारपणं टळली. हजार मुलांमागे सतराशे कशी, असं वाटेल. तर अशीच, त्या वहीतल्या मुलासारखी. सरासरी धरली तर एकेका मुलाची पावणेदोन आजारपणं वाचली. म्हणजे तेवढे रात्रीचे ताप, तेवढ्या आकड्या, आईचे बुडालेले रोज, आणि त्यातले काही थेट वॉर्डात पोचले असते ते.

'हल्ला' कशाला धरलं तेही सांगतो, कारण ते माझं खातं. नुसता ताप चालत नव्हता. काखेतला ताप ३७.५ किंवा त्याहून जास्त, आणि रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० च्या वर परजीवी, तरच ती केस. ५,००० कसे मोजतात? काचेवर रक्ताचा जाड थेंब पसरायचा, वाळवायचा, गिम्साच्या जांभळट रंगात बुडवायचा. पाण्याने तांबड्या पेशी फुटून जातात, मागे उरतात पांढऱ्या पेशी आणि परजीवी. परजीवी दिसतो तो निळा स्वल्पविराम आणि त्याला चिकटलेलं लाल टिंब. उजव्या हाताने पांढऱ्या पेशी मोजायच्या, डाव्या हाताने स्वल्पविराम. २०० पांढऱ्या झाल्या की थांबायचं. रक्तात पांढऱ्या पेशी ८,००० धरतात, म्हणून स्वल्पविरामांना ४० ने गुणायचं. १२५ मोजले की ५,००० झाले. आमच्याकडे वॉर्डातून येणाऱ्या काचांवर १२५ म्हणजे किरकोळ. कित्येकदा पांढऱ्या पेशींपेक्षा स्वल्पविरामच जास्त, आकाशात चांदण्या दिसाव्यात तसे. तिथे मोजणी सोडून आधी वॉर्डात पळत जायचं.

आणखी एक. त्या चाचणीत मुलांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या दिलेल्या होत्या, लस न मिळालेल्या गटालासुद्धा. म्हणजे ३६ टक्के हे मच्छरदाणीच्या वरचे आहेत. तुमच्या जाळ्या आणि मच्छरदाणी चालू ठेवायचीच, पण लस आणि मच्छरदाणी यांतलं एक निवडायचं असं काही नसतं.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरोवराकाठी वाढलेल्या बाईच्या रक्तात मलेरियाशी झुंजून आलेली थोडी प्रतिकारशक्ती असते, तिच्या बाळाला पहिले काही महिने तिचा आधार मिळतो. तुम्ही बाहेरून आलात. तुमच्याकडे ती शिदोरी नाही, तर पोरीला कुठून देणार? राग मानू नका, पण मलेरियापुढे तुमच्या घरात तिघंही तान्हीच आहात.

---

शंकासुर

काचपट्टी यांचा प्रतिसाद आवडला, तरी शंका काढणं हा माझा धर्म.

एक, मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये सापडला, डासाच्या पोटात तो रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवला. देवीची लस तर त्याच्याही शंभर वर्षं आधीची. मग जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या लसीची शिफारस करायला २०२१ का उजाडावं लागलं? गरिबांचा आजार म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, हेच ना?

दोन, सीरम इन्स्टिट्यूट बनवते त्या आर२१ या मलेरियाच्याच दुसऱ्या लसीचा आकडा ७५ टक्के आहे. ३६ वाली घेण्यापेक्षा ७५ वालीसाठी थांबलेलं काय वाईट?

---

कढईवाला

मी लसनिर्मितीत आहे, कुठे ते राहू द्या. मोठमोठ्या टाक्यांत यीस्ट वाढवणं हे माझं काम, म्हणून हे नाव. शंकासुरांच्या पहिल्या प्रश्नावर थोडं लिहितो, दुसरा काचपट्टींनी घ्यावा.

पैसा आणि अनास्था हे कारण आहेच, नाकारत नाही. पण नुसतं तेवढंच असतं तर पैसा आल्यावर लस पाच वर्षांत झाली असती. गोवराच्या विषाणूत जनुकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मलेरियाच्या फॅल्सिपेरम या परजीवीत पाच हजारांहून जास्त. शिवाय तो बहुरूपी. डास चावला की कातडीत शिरतात ते मोजके धाग्यासारखे जीव, स्पोरोझोइट. तासाभराच्या आत ते यकृतात जाऊन लपतात. तिथे आठवडाभर गुपचूप वाढतात आणि बाहेर पडतात ते वेगळ्याच रूपात, हजारोंच्या संख्येने, तांबड्या पेशींवर तुटून पडायला. पहिल्या रूपाविरुद्ध शरीराने जे शस्त्र घडवलं ते दुसऱ्या रूपापुढे निकामी. मलेरिया एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो, गोवर होत नाही, त्याचं मूळ इथे आहे. खऱ्या आजारानेच जिथे पक्की प्रतिकारशक्ती येत नाही तिथे लसीने ती आणायची आहे.

म्हणजे लसीच्या हातात तो तासाभराचा वेळ. तेवढ्यात पकडलं तर पकडलं. एक जरी स्पोरोझोइट यकृतापर्यंत निसटला तरी ताप येऊ शकतो. रक्तात प्रतिपिंडं अगदी काठोकाठ भरलेली असावी लागतात ती यामुळे, आणि पातळी उतरली की संरक्षण उतरतं तेही यामुळेच.

होणार हा भरवसा आला तो १९६७ मध्ये. रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझोइट उंदरांना टोचले आणि उंदीर मलेरियातून वाचले. पण लाखो मुलांसाठी डासांच्या लाळग्रंथींतून स्पोरोझोइट काढणार कोण? मग त्याच्या अंगावरचं एक प्रथिन घ्यायचं ठरलं. त्या प्रथिनात चार अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, पाढ्यासारखा. तो तुकडा हिपॅटायटिस बीच्या लसीतल्या प्रथिनाला जोडला आणि यीस्टकडून बनवून घेतला. आरटीएस,एस ती हीच. काम सुरू झालं १९८७ मध्ये, पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनमध्ये विलीन झालेली एक कंपनी आणि अमेरिकी लष्कराची वॉल्टर रीड संस्था मिळून. लष्कराला आपल्या सैनिकांची काळजी होती, लहान मुलांकडे मोर्चा नंतर वळला.

नुसतं प्रथिन टोचून भागत नाही, शरीराला जागं करायला सोबत काहीतरी लागतं. ते 'काहीतरी' चिलीतल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतून येतं. आपल्या रिठ्यात फेस आणणारं जे द्रव्य असतं त्याच कुळातलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेगवेगळी सोबत देऊन बघितली. मग स्वयंसेवकांनी मलेरियावाल्या डासांकडून मुद्दाम चावून घेतलं. एका मिश्रणात ७ पैकी ६ जण वाचले. प्रथिन सगळ्यांत तेच, फरक पडला सोबतीने. आर२१ मध्येही सालीतलंच द्रव्य आहे, फक्त मिश्रण निराळं. आणि तिच्यात कणाच्या अंगावर मलेरियाच्या तुकड्याची दाटी जास्त आहे, आरटीएस,एसमध्ये असतं तसं तुकडा न जोडलेलं हिपॅटायटिसचं जादा प्रथिन नाही.

कुठल्याशा झाडाची साल आणि हजारो लिटर यीस्ट, यावर आफ्रिकेतली बाळं अवलंबून आहेत. टाकीजवळ उभं राहून मला हे अजूनही विचित्र वाटतं.

---

काचपट्टी

शंकासुरांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. ३६ हा चार वर्षांचा हिशेब आहे, ७५ हा एका वर्षाचा. आरटीएस,एसचा पहिल्या बारा महिन्यांचा आकडा २०११ मध्ये आला तेव्हा तो ५६ च्या आसपास होता. आणि आर२१ चे ७५ टक्के आले ते जिथे मलेरिया ठरावीक मोसमात येतो तिथे, मोसमाच्या तोंडावर डोस देऊन. जिथे वर्षभर मलेरिया असतो तिथे त्याच चाचणीत ६८ आले. ताईंचं सरोवर वर्षभराच्या पंक्तीतलं. जागतिक आरोग्य संघटनेने आरटीएस,एसची शिफारस २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केली, आर२१ ची बरोबर दोन वर्षांनी, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजलं. आर२१ चा खरा फायदा म्हणजे ती स्वस्त आहे आणि भरपूर बनते. एका डोसला २ ते ४ डॉलर, आणि वर्षाला दहा कोटी डोस बनवण्याची तयारी. देशांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण एका आईने समोर असलेली लस सोडून दुसरीची वाट बघावी असं त्यात काही नाही. वाट बघायच्या महिन्यांत डास काही सुट्टीवर जात नाहीत.

---

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. नवऱ्याने तर कढईवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, "आमच्या कारखान्यातही यीस्ट असतं" म्हणून.

काचपट्टी काका, एक विचारायचं राहिलं. मी वाचताना मेंदूज्वराचा उल्लेख होता, आणि मुलींमध्ये मृत्यू जास्त दिसले असंही कुठेतरी होतं. तेव्हापासून माझं मन तिथेच अडकलंय. मुलगी आहे ना.

---

काचपट्टी

लपवण्यासारखं काही नाही, ते खरंच तसं दिसलं होतं. त्या मोठ्या चाचणीत लस घेतलेल्या मुलांत मेंदूज्वराच्या केसेस जास्त निघाल्या, मेंदूतल्या मलेरियाच्याही, आणि मुलींच्या मृत्यूंचा आकडा खटकला. तो योगायोग होता की लसीचा दोष, हे त्या आकड्यांवरून ठरेना. युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये अनुकूल मत दिलं होतं, तरी जागतिक आरोग्य संघटनेने सगळीकडे द्या असं म्हटलं नाही. आधी तीन देशांत देऊन बघायचं ठरवलं: मलावी, घाना आणि तुमचं केनिया. तुम्ही 'प्रयोग' म्हणता तो हा, आणि तो तुमच्या मुलीच्या जन्माआधीच आटोपला.

मलावीत २०१९ च्या एप्रिलमध्ये सुरुवात झाली. काही भागांत लस आधी आली, काहींत मुद्दाम नंतर, म्हणजे दोन्हींची तुलना करता यावी. आमच्या रुग्णालयाचा भाग आधीच्या यादीत होता. मुलांच्या वॉर्डात मेंदूज्वराचा नुसता संशय आला तरी पाठीतलं पाणी तपासायला आमच्याकडे यायचं, आणि मुलाला लस मिळाली होती का, हे वहीतून बघून फॉर्मवर लिहावं लागायचं. त्या फॉर्मांचा मला भयंकर वैताग यायचा, पण असलाच डोंगर तिन्ही देशांतून जमला. त्यातून निष्पन्न झालं ते असं: मेंदूज्वर वाढला नाही, मेंदूतला मलेरिया वाढला नाही, मुलींमध्ये जादा मृत्यू दिसले नाहीत. उलट, लसीच्या भागांत त्या वयातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. हे नुसते मलेरियाचे नव्हेत, अपघात सोडून सगळ्या कारणांचे. तेही लस सगळ्या मुलांपर्यंत पोचलेली नसताना. हा १३ चा आकडा मी ३६ पेक्षा मोठा मानतो.

खरा त्रास म्हणजे ताप. टोचल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. क्वचित एखाद्या मुलाला त्या तापात आकडी येते, त्यामुळे ते दोन दिवस रात्री हात लावून बघत राहा. आणि मलेरियाच्या प्रदेशात आहात हे विसरू नका. ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा पोर मलूल वाटली, तर "लसीचा असेल" म्हणत बसू नका, बोटातून रक्त काढून तपासून घ्या. लस घेतलेल्या मुलालाही मलेरिया होतो, हे आपण वर बघितलंच.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहितोय ते. चौथा डोस.

मलावीत सुरुवातीला डोस होते पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात आणि चौथा थेट बाविसाव्या महिन्यात. बाविसाव्या महिन्यात दुसरी कुठलीच लस नसते. मूल चालतंय, बोलतंय, आईच्या पोटात बहुधा दुसरं आहे. कोण आठवणीने दोन तास चालत येणार? तीन डोस झालेल्या कितीतरी वह्यांत चौथी चौकट मी कोरी बघितली. ज्या आया आल्या त्यातली एक मला आठवते. आमच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली होती. ही लस येते दोन बाटल्यांत, एकीत पूड, दुसरीत द्रव, दोन्ही चिमट्याने एकमेकींना जोडलेल्या. एकत्र केल्या की दोन मुलांपुरता माल होतो आणि सहा तासांत संपवावा लागतो, उरला तर फेकायचा. मूल एकच होतं, म्हणून ड्यूटीवरची नर्स दुसऱ्याची वाट बघत राहिली. अकराला आलेली बाई एकपर्यंत बसली. शेवटी वॉर्डातली ती सिस्टर, मला मार्कांवरून बोलणारी, बाहेर आली, काही न बोलता तिने चिमटा काढला, पूड मिसळली आणि त्या एकट्या पोराला टोचलं. उरलेला एक डोस फेकायला गेला तेव्हा नर्स कुरकुरली. सिस्टर म्हणाली, डोस परत मागवता येईल, ही बाई परत येणार नाही.

ती का भांडत होती ते चाचणीत स्पष्ट दिसतं. चार डोस घेतलेल्या मुलांत गंभीर मलेरिया ३२ टक्क्यांनी कमी होता. तीनवर थांबलेल्यांत, सगळा काळ धरून, फरक जेमतेम एक टक्का. गंभीर मलेरिया म्हणजे बेशुद्ध मूल, किंवा हिमोग्लोबिन तीनवर आलेलं आणि रक्त द्यायला नातेवाइकांची पळापळ. पोरीला त्यापासून राखायचं असेल तर तीन डोस म्हणजे अर्धा रस्ता.

केनियात पहिले तीन सहाव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात ठरलेत. नवव्याला गोवराची लस असते, ती चुकणार नाही. सातव्याला दुसरं काही नसतं, तो चुकतो. चौथ्याचा महिना नर्सला विचारा आणि तिच्याचकडून पुस्तिकेत लिहून घ्या.

---

शंकासुर

शंका फिटली. तात्पुरती.

---

तळ्याकाठची

आज सकाळी गेलो. तीच नर्स होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "नवरा हो म्हणाला का?" आणि खोलीतल्या सगळ्या आया हसल्या.

दोन बाटल्या चिमट्याने जोडलेल्या होत्या, काकांनी लिहिलंय तशाच. आमच्या पुढे एक बाळ होतं, त्यामुळे एका बाटलीत दोघी आटोपल्या. पोर रडली ती सुई बाहेर आल्यावर. संध्याकाळपासून अंग कोमट आहे, आत्ता ३७.९. दूध पितेय, खेळतेय, मधेच कुरकुरते.

सासूबाईंना हजार मुलांमागे १,७७४ चा हिशेब सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला, मग म्हणाल्या, "म्हणजे मार्क नव्हेतच ते."

सातव्या महिन्याची तारीख नर्सने लिहून दिली. चौथ्याची विचारली तर म्हणाली, "आत्तापासून? ती अजून बसतसुद्धा नाही." मी पेन पुढे केला. लिहिली.